कोडिंगचा तास कोणत्या तासातून काढणार?

इयत्ता तिसरीपासून सर्व शाळांत कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती यांचे शिक्षण २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून सुरू करण्याचा मनोदय केंद्रीय शिक्षण खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कोडिंगला, म्हणजे संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याच्या विद्येला, मधल्या टप्प्यावर, अर्थात सहावीपासून, जागा दिली होती. अवघ्या पाच वर्षांत ही विद्या तीन इयत्ता खाली उतरली. आता योगायोग असा की, २०२६-२७ हे वर्ष शिक्षण खात्याच्या आणखी एका संकल्पाचेही वर्ष आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब करता यावेत, हे उद्दिष्ट गाठण्यासाठी नेमकी हीच मुदत ठरवून घेतली होती. एकाच वर्षी, एकाच इयत्तेच्या उंबरठ्यावर दोन संकल्पांची गाठ पडत आहे. त्यांतला पहिला पुरा होण्याआधी दुसरा सुरू करावा काय, हा खरा प्रश्न आहे. परंतु त्याची चर्चा मात्र भलत्याच दिशेने चालली आहे.

चर्चेत दोन तट पडलेले दिसतात. एका तटावरील मंडळींच्या मते कोडिंग ही उद्याची साक्षरता आहे. ती न शिकवणे म्हणजे मुलांना अडाणी ठेवणे. दुसऱ्या तटावरील मंडळींना लहान मूल आणि पडदा ही जोडीच अनिष्ट वाटते. मुलांनी मातीत खेळावे, गोष्टी ऐकाव्यात, एवढेच त्यांचे म्हणणे असते. या दुसऱ्या पक्षाविषयी प्रस्तुत लेखकाला आदर आहे, पण एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. मुलांना संगणकापासून दूर ठेवण्याचा उपदेश बहुधा ज्यांच्या घरी तो आहे तेच करतात. दूर ठेवण्यासाठी वस्तू आधी घरात असावी लागते. तेव्हा हा प्रश्न बालमानसशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही आहे, आणि त्या अंगाने त्याकडे कमी पाहिले गेले आहे.

रोजगाराचा युक्तिवाद प्रथम घेऊ, कारण पालकांच्या मनावर त्याचीच पकड अधिक आहे. तिसरीत शिकणारे आजचे मूल नोकरीच्या बाजारात उतरेल ते २०४० च्या आसपास. इतक्या दूरच्या बाजाराचा अंदाज बांधून त्यासाठी आठ वर्षांच्या मुलाला विशिष्ट कसब शिकवायचे, याला धाडस म्हणावे लागेल. आपल्याकडे तालुक्या-तालुक्याला टंकलेखनाचे वर्ग होते आणि मिनिटाला चाळीस शब्दांचे प्रमाणपत्र ही नोकरीची किल्ली समजली जात असे. ती किल्ली ज्या कुलपाची होती ते कुलूपच पुढे काढून टाकले गेले. डी.एड. महाविद्यालयांचे पेव फुटले आणि मग ती ओस पडली, हे तर कालपरवाचे. प्रत्येक वेळी मागणी दिसताच पुरवठा धावला आणि पुरवठा येऊन पोहोचेपर्यंत मागणी निघून गेली. कांद्याच्या भावात जे दर दोन-तीन वर्षांनी घडते, ते शिक्षणात दहा-पंधरा वर्षांच्या अंतराने घडते, इतकाच फरक. त्यातही नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांच्या हाती आल्यापासून साध्या आज्ञावली लिहिण्याचे काम यंत्रच करू लागले आहे. एन्व्हिडिया या बलाढ्य कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये दुबईच्या परिषदेत, मुलांनी आता कोडिंग शिकण्याची गरज उरलेली नाही, अशा आशयाचे विधान केले. हुआंग यांचा माल ज्या बाजारात खपतो तो पाहता या विधानावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असे नाही. तथापि ज्या धंद्यातील धुरीणांचेच एकमत नाही, त्या धंद्याच्या भरवशावर तिसरीचे वेळापत्रक आखणे शहाणपणाचे खचित नव्हे.

पालकांच्या या चिंतेचा बाजार कसा मांडला जातो, याचे उदाहरण आपण नुकतेच पाहिले आहे. २०२० मध्ये टाळेबंदीत घरोघरी मुले अडकलेली असताना व्हाइटहॅट ज्युनियर या कंपनीच्या जाहिरातींनी धुमाकूळ घातला होता. मुलाने तयार केलेले ‘ॲप’ मिळवण्यासाठी गुंतवणूकदार त्याच्या घराबाहेर हाणामारी करीत आहेत, असे एका जाहिरातीतले दृश्य होते. कोटींच्या पगाराची नोकरी मिळवणारा ‘वुल्फ गुप्ता’ नावाचा बालक जाहिरातींतून झळकला. त्याचे वय आणि पगार दोन्ही जाहिरातीगणिक बदलत, आणि असे मूल मुळात अस्तित्वातच नव्हते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बायजूज या कंपनीने हा व्यवसाय ३० कोटी डॉलरना विकत घेतला. ऑक्टोबरमध्ये जाहिरात मानक परिषदेने त्यांपैकी पाच जाहिराती मागे घ्यावयास सांगितल्या. पुढे जुलै २०२४ मध्ये खुद्द बायजूजविरुद्धच दिवाळखोरीची कारवाई दाखल झाली. शिकवणीसाठी हजारो रुपये मोजणाऱ्या मध्यमवर्गीय पालकांना मूर्ख ठरवून हा विषय संपत नाही. त्यांनी विकत घेतलेली वस्तू विद्या नव्हतीच. शेजाऱ्याच्या मुलापुढे आपले मूल एक पाऊल राहील, हे आश्वासन त्यांनी विकत घेतले. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये ज्यांना स्थाननिष्ठ वस्तू म्हटले, त्यांतलीच ही एक. अशा वस्तूचे मोल ती दुसऱ्याकडे नसण्यावर अवलंबून असते. मूल जितके लहान तितकी ही शर्यत लवकर सुरू होते, आणि शर्यतीचे अंतर मात्र वाढत नाही.

आता दुसरा युक्तिवाद. तो अधिक प्रामाणिक आहे आणि म्हणूनच अधिक काळजीने तपासला पाहिजे. कोडिंग नोकरीसाठी नव्हे, तर विचारशक्तीसाठी शिकवावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. या कल्पनेचे जनक सीमोर पॅपर्ट. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९६७ मध्ये अमेरिकेत ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. पडद्यावरील कासवाला ‘इतकी पावले पुढे जा, इतके अंश उजवीकडे वळ’ अशा आज्ञा द्यायच्या आणि त्यातून चौकोन, तारे, वर्तुळे काढवून घ्यायची, हा तिचा खेळ. कासवाला शिकवता शिकवता मूल स्वतःच्या विचाराकडे पाहावयास शिकते, ही पॅपर्ट यांची मूळ कल्पना मोठी सुंदर आहे; १९८० मधील त्यांच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकाने जगभरच्या शिक्षकांना मोहिनी घातली ती उगीच नव्हे.

पण मोहिनी आणि पुरावा यांत अंतर असते. रॉय पी आणि मिडियन कर्लंड या संशोधकांनी न्यूयॉर्कमध्ये वर्षभर लोगो शिकलेल्या मुलांना वर्गातील कामांची आखणी करण्याचे काम दिले आणि लोगो न शिकलेल्या मुलांशी त्यांची तुलना केली. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, दोन्ही गटांच्या नियोजनकौशल्यात लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. कासव हलवायला शिकलेले मूल कासव हलवायला शिकले होते, एवढेच. येथेच गोष्ट संपली असती तर कोडिंगविरोधकांचे काम सोपे झाले असते. परंतु १९८८ मध्ये शॅरन कार्व्हर आणि डेव्हिड क्लार या दोघा संशोधकांनी एक निराळाच प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी मुलांना आज्ञावलीतील चूक शोधण्याची रीत मुद्दाम, पायरीपायरीने शिकवली: अपेक्षित काय होते, घडले काय, या दोहोंतील फरक काय सुचवतो, आणि म्हणून चूक कोठे दडली असावी. ही रीत शिकलेली मुले संगणकाशी संबंध नसलेल्या लेखी सूचनांमधील चुकाही अधिक चांगल्या रीतीने शोधू लागली.

या दोन प्रयोगांतील भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. यंत्रासमोर बसवल्याने विचारशक्ती आपोआप वाढत नाही. शिक्षकाने विचाराची रीत उघड करून शिकवली तर वाढते. म्हणजे काम करतो तो शिक्षक, कासव नव्हे. आणि तसे असेल तर ही रीत शिकवण्यासाठी यंत्राची वाट पाहण्याचेही कारण नाही. मराठी शाळेत ‘ताळा पाहणे’ हा शब्द पिढ्यानपिढ्या आहे. भागाकार झाला की भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी करून भाज्य येते का, ते पाहायचे. दुर्दैवाने आपण ताळ्याचा उपयोग फक्त उत्तर बरोबर की चूक, हे ठरवण्यापुरता केला. ताळा जुळला नाही की गणित खोडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायचे. चूक कोठे झाली, हातचा राहिला की शून्य घ्यायचे विसरले, हे शोधत मागे जाण्याचे शिक्षण आपण सहसा दिले नाही. आज्ञावली लिहिणारा माणूस दिवसातला बराच वेळ नेमके हेच करीत असतो. भागाकाराची रीत ही स्वतःच एक आज्ञावली आहे: भाग जातो का पाहा, जात नसेल तर पुढचा अंक घ्या, जात असेल तर वजा करा, अंक संपेपर्यंत हेच करीत राहा. ‘अल्गोरिदम’ हा शब्दसुद्धा नवव्या शतकात बगदादला भारतीय अंकगणितावर लिहिणाऱ्या अल् ख्वारिझ्मीच्या नावावरून आला. (यावरून संगणक आमच्याकडे आधीपासून होताच, असे सांगू लागणारी मंडळी पुढे सरसावतील, त्यांना आवरावे.)

आता प्राथमिक शाळेतील मुलांना भागाकार किती येतो ते पाहू. ग्रामीण भारतातील मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार पाचवीच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागू शकणारी मुले शेकडा ३०.७ होती. तिसरीतील मुलांपैकी हातच्याची वजाबाकी करू शकणारी शेकडा ३३.७. मागील पाहणीपेक्षा हे आकडे सुधारलेले आहेत, हेही सांगितले पाहिजे. तरी तिसरीतील तीनपैकी दोन मुलांना वजाबाकी येत नाही, हे सत्य उरतेच. प्रस्तुत लेखकाच्या वर्गात पदवीच्या पहिल्या वर्षाला अशी मुले दरवर्षी येतात, की जी भ्रमणध्वनीवर भराभर व्यवहार करतात, परंतु भाव ८० वरून १०० वर गेला तर वाढ शेकडा किती, हे विचारल्यावर वीस म्हणतात. त्यांच्याकडे यंत्र आहे. उत्तराचा ताळा पाहण्याची सवय नाही.

अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात वैकल्पिक परिव्ययाची संकल्पना येते. एखाद्या गोष्टीचा खरा खर्च म्हणजे तिच्यासाठी आपण सोडून दिलेली दुसरी गोष्ट. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. आठवड्याला चाळीस मिनिटांचा एक तास कोडिंगला दिला तर वर्षाला सुमारे बावीस तास होतात. आठशेत बावीस म्हणजे शेकडा तीनहूनही कमी. यात एवढे काय बिघडले, असे कोणी म्हणेल. परंतु हा हिशेब ज्या शाळेत वर्गागणिक शिक्षक आहे तेथला. शिक्षण खात्याच्याच २०२४-२५ च्या आकडेवारीप्रमाणे देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत आणि त्यांत सुमारे ३३ लाख मुले शिकतात. एक शिक्षक पाच इयत्ता सांभाळतो तेव्हा प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला त्याचे सरळ लक्ष येते ते वर्षाकाठी १६० तास, तेही जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी आणि निरनिराळ्या ॲपवर भरावयाची माहिती यांतून काही उरले तर. त्या १६० मधून बावीस काढायचे म्हणजे सातवा हिस्सा काढायचा. तिन्ही इयत्ता एकत्र बसवल्या तर हिशेब थोडा सौम्य होतो, पण मग तिसरीचा आणि पाचवीचा अभ्यासक्रम वेगळा लिहिण्याचे कारण उरत नाही. त्याच पाहणीत संगणकाची सोय असलेल्या शाळा शेकडा ६४.७ आहेत, म्हणजे यंत्राचा प्रश्न निम्म्याहून अधिक सुटला आहे. यंत्र विकत घेता येते. शिक्षकाचा तास विकत घेता येत नाही, आणि भरती रखडली की तो आणखी महाग होतो.

परदेशांचा दाखला देताना इंग्लंडचे नाव नेहमी घेतले जाते. तेथे सप्टेंबर २०१४ पासून पाच ते सात वर्षांच्या मुलांनाही साध्या आज्ञावली लिहिणे व त्यांतील चुका दुरुस्त करणे अभ्यासक्रमाने सांगितले. हा दाखला अर्धाच दिला जातो. तीन वर्षांनी, २०१७ मध्ये, रॉयल सोसायटीने पाहणी केली तेव्हा निम्म्याहून अधिक, शेकडा ५४, शाळांत सोळाव्या वर्षीच्या परीक्षेसाठी संगणकशास्त्र हा विषयच उपलब्ध नव्हता. आणि जी मुले तो घेत होती त्यांत मुलींचे प्रमाण पाचात एक होते. शिक्षक तयार नव्हते. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात सरकारने शिक्षकांच्या तयारीसाठी ८ कोटी ४० लाख पौंडांची तरतूद जाहीर केली आणि त्यातून राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. अभ्यासक्रम आधी आणि शिक्षक मागाहून, हा क्रम श्रीमंत देशालाही एवढ्याला पडला.

आपल्याला तर इंग्लंडपर्यंत जाण्याचीही गरज नाही. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ या नावाने शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प हाती घेतला होता. इंग्लंडहूनच आलेले सुमारे १२ हजार बीबीसी मायक्रो संगणक माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना वाटण्यात आले. त्या काळी ते यंत्र अद्ययावत होते. परंतु विषय कोणत्याही शिक्षकाचा नव्हता, परीक्षेत त्याला स्थान नव्हते, बिघडले तर दुरुस्त करणारा जवळपास नव्हता. मुख्याध्यापकांच्या दृष्टीने ती जपून ठेवण्याची सरकारी मालमत्ता होती, आणि जपून ठेवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे कुलूप.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. सरकारी शाळांनी हा विषय घेतला नाही तरी खासगी शाळा तो घेणारच; त्यांनी घेतलाही आहे. मग जिल्हा परिषदेच्या मुलांनी मागे राहावयाचे काय? इंग्रजीच्या बाबतीत हाच प्रश्न उभा राहिला होता आणि महाराष्ट्राने २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आणून त्याचे उत्तर दिले. त्या निर्णयामागील समतेची तळमळ खोटी नव्हती. पण नुसत्या वेळापत्रकातील तासाने समता येत नाही, याचाही अनुभव आपण त्यानंतर पंचवीस वर्षे घेत आहोत. पालक अजूनही इंग्रजी माध्यमाच्या दारात उभे आहेत. ज्या घरात पुस्तके आहेत, प्रश्न विचारण्यास मोकळीक आहे, त्या घरातील मूल सहावीत कोडिंग सुरू करूनही वर्षभरात पुढे जाईल. ज्याला वाचनच जमत नाही, ते मूल तिसरीत सुरू करूनही सहावीत मागेच राहील. दरी रुंदावते ती वाचन आणि अंकगणित यांच्या काठावर. वंचित मुलाला खासगी शाळेतल्या मुलाकडे आहे ते सर्व द्यावे, ही भूमिका मलाही मान्य आहे. म्हणूनच देण्याचा क्रम काय, याबद्दल आग्रह धरावा लागतो.

तर मग काय करावे? सहावीपासून कोडिंग हा विषय सर्व शाळांत आणावा आणि नीट आणावा: त्यासाठी प्रशिक्षित शिक्षक नेमून, मराठीतून शिकवून आणि मुलींना मागच्या बाकावर न बसवता. शिक्षणहक्क कायद्याने कला, क्रीडा आणि कार्यशिक्षण यांसाठी शंभराहून अधिक मुले असलेल्या उच्च प्राथमिक शाळांत अंशकालीन शिक्षकांची तरतूद केलेली आहे. संगणकाच्या शिक्षकासाठी तशीच तरतूद करणे अवघड नाही. लहान शाळांनी केंद्रशाळेच्या आधाराने, फिरत्या शिक्षकाकरवी, हे काम करावे. याला पैसा लागेल, आणि तो संगणकखरेदीच्या शीर्षातून नव्हे तर वेतनाच्या शीर्षातून यावा लागेल. खरेदीचे शीर्ष लोकप्रिय असते. त्यात एकदाच खर्च होतो, फीत कापता येते. वेतनाचा बोजा दरवर्षी येतो, म्हणून वित्त खाते त्याकडे कपाळाला आठी घालून पाहते.

तिसरी ते पाचवीसाठी मात्र वेगळा विषय, वेगळे पुस्तक, वेगळा तास नको. संगणकीय विचारपद्धतीतील जे ग्राह्य आहे ते गणिताच्या आणि भाषेच्या पुस्तकात सहज मावते. न्यूझीलंडमधील टिम बेल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९९० च्या दशकात संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याचे खेळ तयार केले: पत्ते, दोऱ्या, खडूने आखलेल्या चौकटी, आणि मुले स्वतः. आपल्या शाळेच्या पटांगणात त्यांना जागा कमी पडणार नाही. मराठीच्या तासाला ‘जर-तर’, ‘नाही तर’, ‘तोपर्यंत’ यांची वाक्ये मुलांनी करावीत. एकाने घरापासून शाळेपर्यंतची वाट लिहावी आणि दुसऱ्याने त्या लेखी वाटेने तंतोतंत चालून दाखवावे, म्हणजे आज्ञेतील संदिग्धता म्हणजे काय, ते हसत-खेळत समजेल. महाराष्ट्रात नव्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येऊ लागली आहेत. बालभारतीच्या अभ्यासमंडळांनी गणिताच्या प्रत्येक प्रकरणाअखेर एक पान एवढ्यासाठी राखावे. त्यावर कोणा काल्पनिक मुलाने सोडवलेले एक चुकीचे गणित पूर्ण मांडून छापावे आणि खाली एकच प्रश्न असावा: ताळा जुळत नाही, चूक कोणत्या पायरीवर झाली ते शोधा, आणि कशावरून ओळखले ते लिहा. या पानाला विजेची गरज नाही, जोडणीची नाही, वार्षिक शुल्काची तर मुळीच नाही. गरज आहे ती मुलाचे लिहिलेले वाचायला वेळ असलेल्या शिक्षकाची, आणि त्या एक लाख शाळांत तो शिक्षक आजही एकटाच आहे.